सहा पट्ट्यांतून तिरपा

सांगतो, पण चहाचा घोट आधी गिळून घ्या. ठसका लागला तर मला बोल लावू नका. लोक हरून नोकरी घालवतात. मी पहिला येऊन घालवली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव शिरपूरकडचं, अगदी तापीकाठी. पलीकडे जायला आमच्या आबांची नाव. आबा म्हणजे माझे थोरले काका. पोहायला मला त्यांनीच शिकवलं, म्हणजे नावेतून ढकलून दिलं.

खोकत वर आलो, तेव्हा त्यांनी मंत्र दिला.

“जठे जानं शे तठे देखानं नही. त्याना वर देखानं. पानीच तुले तठे लई जास.”

आणि खरंच आहे हो! पलीकडच्या निंबाशी निघायचं असेल, तर वरच्या अंगाच्या देवळाकडे तोंड करून हात मारायचे. निंबाकडेच बघत बसलात तर धार तुम्हाला खालच्या गावात नेऊन सोडते. त्या खालच्या गावात आमचे व्याही राहायचे. तिथं चड्डीवर जायची सोय नव्हती.

तर जळगावला पोहण्याच्या शर्यती निघाल्या. रेल्वेत खेळाडूंच्या जागा भरायच्या होत्या आणि पहिला येईल त्याचं नाव साहेब वर पाठवणार होते. मी बारावीला दोनदा आपटलेला. रेल्वे म्हणजे आमच्यासाठी साक्षात देव. आबांनी निघायच्या आधीच गावभर सांगून टाकलं, “पोऱ्या रेल्वेमा लागी गया!” आणि स्वतः टोपी घालून सोबत आले.

तिथं गेलो, तर पाणी निळं! इतकं स्वच्छ पाणी मी फक्त तांब्यात बघितलं होतं.

पण मी काही बावळट नव्हतो. नवीन पाण्यात उतरायचं तर आधी धार विचारायची, ही आमची रीत. तिथला रखवालदार काठावर झाडू मारत होता. त्याला गाठलं.

“भाऊ, पाणी कुठून येतं?”

“त्या उजव्या कोपऱ्यातून. तो मोठा पाईप दिसतो ना?”

“आणि जातं कुठे?”

“डाव्या कोपऱ्याला. का रे, पाणीखात्यातून आलास का?”

झालं! धार उजवीकडून डावीकडे. मी आबांना खूण केली, आबांनी मान डोलावली. आम्हा दोघांनाही त्या बाकीच्या पोरांची दया आली. एकानेसुद्धा धार विचारली नव्हती.

मला जागा मिळाली अगदी डावीकडची. शर्यत एकाच लांबीची, सरळ समोरच्या भिंतीपर्यंत. पट्ट्यांच्या मध्ये दोऱ्या नव्हत्या. तळाला काळ्या रेघा ओढलेल्या, त्या बघून पोहायचं म्हणे. आता मला सांगा, तापीत तळ बघत कोण पोहतं? आम्ही डोकं वर काढून पोहणार, साप-ओंडका दिसायला नको?

समोर उजव्या कोपऱ्यात रेल्वेचे साहेब मोठी छत्री लावून बसले होते. मी ती छत्री धरली. म्हटलं, छत्रीकडे जायचं, धार आपल्याला बरोबर आपल्या जागेवर आणून सोडेल.

शिट्टी झाली. मी निघालो.

दुसऱ्या पट्टीतल्या पोराच्या पाठीवरून गेलो. तिसऱ्याच्या कानात माझा पाय गेला. चौथा ओरडला, “अरे येडा झाला का?” आणि त्याच्या तोंडात पाणी गेलं. पाचवा शहाणा, मला येताना बघून आपणच काठावर चढला. मला वाटलं, हे सगळे धारेने वाहत माझ्याकडे येताहेत. बिचारे!

काठावरून आबा ओरडत होते, “वर धर! आखो वर धर!”

मी आणखी वर धरलं.

सहाव्या पट्टीत धुळ्याचा एक दिलीप नावाचा मुलगा होता. तो इतका हळू होता, की मी त्याच्या पुढून निघून गेलो आणि त्याला कळलंही नाही. छत्रीखालच्या भिंतीला माझा हात लागला. पहिला! मी वर येऊन साहेबांच्या पायाच पडलो. त्यांचे बूट भिजले.

साहेब शांतपणे म्हणाले, “तू कुठल्या पट्टीत होतास?”

मी काय सांगणार? खरं तेच तोंडून गेलं.

“बठ्ठास्मा, साहेब.” म्हणजे सगळ्याच पट्ट्यांत.

मला बाद केलं. उरलेल्यांपैकी चौघांनी शर्यत पुरी केलीच नव्हती. राहिला दिलीप. तो सावकाश आला, भिंतीला हात लावला, इकडेतिकडे बघितलं आणि पहिला आला. त्याचं नाव वर गेलं. परतीच्या एसटीत आबा एवढंच म्हणाले, “तठली धारच खोटी व्हती.” मला मात्र रडू आलं. लपवायचं काय त्यात?

पुढे मी शेतीत पडलो. काही वर्षांनी भुसावळला मेहुण्याला गाडीत बसवायला गेलो होतो. परतताना जिना चढायचा कंटाळा आला, म्हणून रुळांत उतरलो आणि फाटकाकडे तिरपा निघालो. पलीकडे काळा कोट उभा. दिलीप!

“काय भाऊ,” तो म्हणाला, “अजून तिरपाच?”

त्याने प्लॅटफॉर्म तिकीट मागितलं. माझ्याकडे कुठलं? मग त्याने शांतपणे माझं नाव विचारलं आणि दंडाची पावती फाडली.

रेल्वेच्या कागदावर माझं नाव लागलं, ते तेवढं एकदाच.