सलोमीबाईंची साक्ष

“विश्वास कमी पडला तिचा, दुसरं काय न्हाय.”

मांडवाच्या कापडापलीकडून हे वाक्य आलं. आवाज सुगंधाबाईंचा होता. आमच्या उपासनेत गाणी त्याच सुरू करतात, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. मी अलीकडे उभी राहून गळ्यातली पांढरी कॉलर नीट करत होते. दुसरी एक बाई म्हणाली, “हळू बोल की. पोरगी हाय तितं.”

पोरगी म्हणजे रिबेका. अठरा वर्षांची, बारावीला. ती माझ्यापासून चार पावलांवर आईच्या शवपेटीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण हातातला रुमाल पिळता पिळता ती थांबली. तिनं ऐकलं होतं.

पेटी बंदच ठेवली होती. सलोमीबाई दीड दिवस कालव्याच्या पाण्यात होत्या.

मी सहायक पाळक आहे. पाळक म्हणजे आमच्या प्रोटेस्टंट चर्चमधला धर्मगुरू. चर्चच्या लोकांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो. मोठी मंडळी बारामतीला आहे. तिथले पाळकसाहेब माझे वरिष्ठ. भवानीनगरच्या बाजूला पंधरा घरांची एक छोटी मंडळी आहे, ती पत्र्याच्या शेडमध्ये भरते. ती माझ्याकडे. दर रविवारी मी स्कूटीवरून जाते, उपासना घेते आणि जेवून परत येते.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, पुढचं शिक्षणही इंग्रजीतच. सुरुवातीला मी प्रार्थनासुद्धा कागदावर लिहून नेत असे आणि एका सुरात वाचत असे. दानिएलतात्या तिथले सगळ्यात जुने सभासद. पहिल्याच महिन्यात ते मला म्हणाले होते, “मॅडम, प्रार्थना झ्याक झाली. पर गाडी कितव्या फलाटावर येनार ते न्हाय सांगितलं.” सगळे हसले. मीही हसले आणि पुढचे दोन रविवार आणखी कमी बोलले. माझा स्वभावच तसा. लोकांना वाटतं, मॅडम शांतपणे ऐकून घेतात. खरं तर बऱ्याचदा मी बोलायचं टाळत असते.

आता साक्ष म्हणजे काय ते सांगते. उपासनेत प्रवचनाच्या आधी दहा मिनिटं लोकांसाठी असतात. देवानं माझ्यासाठी काय केलं, हे ज्याला सांगायचंय तो उभा राहून सांगतो. मुलाला नोकरी लागली, बोअरला पाणी लागलं, ऑपरेशन नीट झालं. शेवटी उपासना घेणारा मोठ्यानं ‘आमेन’ म्हणतो, मग सगळे म्हणतात. त्या आमेनचा अर्थ ‘तसंच असो’. पण लोकांच्या लेखी तो शिक्का असतो. एकदा आमेन झालं की साक्ष पक्की. मग ती मागे घेता येत नाही. असा लेखी नियम कुठेही नाही, पण सगळे पाळतात.

सलोमीबाईंना लहानपणापासून फिट यायच्या. त्यांच्या मालकांनी, शामुवेलभाऊंनी, त्यांना सरकारी दवाखान्यात नेऊन गोळ्या चालू केल्या होत्या. नाताळनंतरच्या रविवारी त्या साक्षीला उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, अंगावर नाताळला घेतलेली हिरवी साडी. “वरीस झालं, मला एकदाबी फिट आली न्हाय. डॉक्टरला जमलं न्हाय ते देवानं केलं. म्या आता गोळीबी सोडली.”

शेडमध्ये टाळ्या वाजल्या. सुगंधाबाईंनी गाणं सुरू केलं. शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं. वर्षभर फिट आली नाही, ती गोळ्या चालू होत्या म्हणून, हेही माझ्या लक्षात आलं होतं. ते सुचलंच नाही असं मला म्हणता येणार नाही. पण चाळीस माणसं आनंदानं माझ्याकडे बघत होती. मी आमेन म्हणाले.

एवढ्यावर थांबलं नाही. मंडळीचं दोन पानी मासिक पत्रक निघतं. पाळकसाहेबांनी सांगितलं, ही साक्ष छान आहे, लिहून दे. मी लिहून दिली. गोळ्यांचं वाक्य तसंच ठेवलं.

पुढच्या महिन्यात मी घरभेटीला गेले. घरभेट हा आमच्या कामाचा निम्मा भाग असतो. घरी जायचं, विचारपूस करायची, प्रार्थना करायची, चहाला नाही म्हणायचं नाही. आरशामागच्या फळीवर गोळ्यांची पाकिटं दिसली. वर धूळ होती.

“सलोमीबाई, गोळ्या अगदीच बंद केल्यात?” मी विचारलं.

“व्हय की.”

“डॉक्टरांना विचारून?”

त्या हसल्या. “मॅडम, साक्ष दिलीया म्या. तुमीच आमेन म्हनला. आता गुपचूप गोळी खाल्ली तर म्या सगळ्यांम्होरं खोटं बोलले असं व्हनार. देवाच्या घरात खोटं बोलू व्हय?”

त्यांचं म्हणणं त्यांच्या बाजूनं अगदी सरळ होतं. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्याच. मी प्रार्थना केली, चहा प्याले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी बारामतीत पाळकसाहेबांना सांगितलं. ते पुढच्या महिन्याचं पत्रक तपासत होते. त्यांनी चष्मा काढला.

“तू डॉक्टर आहेस का?”

“नाही, साहेब. म्हणूनच विचारते.”

“मग साक्षीत हात घालू नकोस. लोक म्हणतील, पाळकबाईंचाच विश्वास नाही. सावकाश घे. पुढच्या भेटीत हळूच काढ विषय.”

घरभेटीची एक वही असते. मी त्यात लिहिलं, ‘औषध बंद. पुन्हा विचारणे.’ त्यानंतर मी त्या घरी तीनदा गेले. तिन्ही वेळा लेकीचा अभ्यास, गाईचं दूध, शेडचा गळका पत्रा, सगळं बोलणं झालं. गोळ्यांचं तेवढं राहिलं. वहीतली ओळ अजून तशीच आहे.

कालव्याला आवर्तन चालू होतं, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलं होतं. कालवा काठोकाठ होता. मंगळवारी सकाळी सलोमीबाई फाट्याजवळ गोधड्या धुवायला गेल्या. शेजारच्या बाईनं त्यांना ताठ होऊन कलंडताना पाहिलं. ती ओरडेपर्यंत पाण्यावर फक्त गोधडी होती. बुधवारी संध्याकाळी दोन पूल खाली, जाळीपाशी सापडल्या. पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झालं आणि गुरुवारी दुपारी पेटी घरी आली.

सुगंधाबाईंचं ते वाक्य ऐकल्यावर मी रिबेकाजवळ जाऊन बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती खाली बघतच बोलली.

“मॅडम, मीपण बंद केल्यात.”

“काय बंद केल्यात?”

“गोळ्या. मला दहावीत दोनदा फिट आलती. आईच्याच डॉक्टरनं दिल्या होत्या. आईनं सोडल्या तशा मीबी सोडल्या.”

हे मला माहीतच नव्हतं. तीन घरभेटींत मी तिच्या अभ्यासाची चौकशी केली होती.

“रिबेका, उद्यापासून चालू कर,” मी म्हणाले. “डॉक्टरांना विचारून. मी येते तुझ्याबरोबर.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. “म्हंजी आईची साक्ष खोटी? ती बघा काय म्हनतात त्या बाया. त्येंच्या मतानं आईचा विश्वास कमी. मी गोळी खाल्ली तर त्या म्हनतील, बघा, पोरीलाबी ठावं होतं.”

“असं कोणी म्हणणार नाही.”

“तुमी आता माझ्या कानात सांगताय,” ती म्हणाली. “तवा आमेन सगळ्यांम्होरं म्हनला होता.”

तिनं पुन्हा रुमाल पिळायला सुरुवात केली. मी उठले.

पाळकसाहेब तेवढ्यात बारामतीहून आले. आमच्याकडे दफनाच्या वेळी शास्त्रवाचन आणि प्रार्थना होते आणि माती देण्याआधी पाच मिनिटांचा संदेश असतो. सलोमीबाई माझ्याकडच्या, म्हणून संदेश माझा. मी साहेबांना मांडवाबाहेर घेतलं आणि रिबेकाचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्वतः त्या पोरीचा बाप्तिस्मा केला होता.

“तिला आपण उद्या दवाखान्यात नेऊ,” ते म्हणाले. “पण संदेशात गोळ्यांचं नाव काढू नकोस.”

“साहेब, तिनं सगळ्यांसमोर ऐकलं पाहिजे.”

“मागे बघ जरा.”

मागे अर्धं गाव उभं होतं. पोलीसपाटील होते, साखर कारखान्यातले लोक होते, शेजारची मराठ्यांची आणि धनगरांची घरं होती. दोन दिवस त्यांनीच कालव्याच्या कडेनं शोध घेतला होता. पेटीला खांदा द्यायलाही तेच पुढे आले होते. त्यांतल्या काही तरुणांच्या हातात मोबाईल होते.

“एकानं व्हिडिओ काढला,” साहेब म्हणाले, “की उद्या बातमी होईल, ख्रिस्ती लोकांनी औषध बंद करून बाई मारली. शेडला कुलूप लागेल. पंधरा घरं कुठं जातील? तू काय, बदली होऊन जाशील.”

ही भीती उगीच नव्हती. आजकाल आम्ही प्रार्थनेला बसलो तरी कोणाला धर्मांतराचा संशय नको म्हणून दार उघडं ठेवतो. मी गप्प राहिले. त्यांना वाटलं, मी मान्य केलं. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लोक नेहमी तसाच घेतात. बरेचदा तो बरोबरही असतो.

कबरस्तान ओढ्याच्या पलीकडे आहे, चार गुंठे. खड्डा सकाळीच खणून झाला होता. पेटी खाली सोडताना एका बाजूचा दोर सटकला. शामुवेलभाऊ एकदम “हळू, हळू” म्हणाले, जणू आत सलोमीबाईंना लागेल. साहेबांनी वाचन घेतलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

खिशात माझा कागद होता. त्यावर चार ओळी होत्या, आशा, सांत्वन, पुन्हा भेट. चांगल्या ओळी होत्या. रिबेका खड्ड्याच्या कडेला उभी होती, मुठीत माती घेऊन. तिच्या मागे सुगंधाबाई होत्या.

पुढचं आधी सांगून टाकते. व्हिडिओ कोणी काढला असेल तर तो बाहेर आला नाही. पोलीसपाटील जाताना एवढंच म्हणाले, “बरं केलं बोलला.” आमच्या वडीलमंडळानं, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांनी, माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी तो दिला. पाळकसाहेब महिनाभर माझ्याशी फक्त कामाचं बोलले. दोन घरांनी शेडमध्ये येणं सोडलं, त्यात सुगंधाबाईंचं एक. रविवारी गाणं सुरू करायला आता कोणी नाही. दानिएलतात्या चुकीच्या पट्टीत सुरू करतात आणि आम्ही मागून जातो.

दुसऱ्या दिवशी मी रिबेकाला घेऊन बारामतीला गेले. दवाखान्यात दोन तास रांगेत बसलो. ती माझ्याशी फार बोलली नाही, अजूनही बोलत नाही. मी तिच्याकडून तशी अपेक्षा करत नाही. गोळ्या मात्र ती घेते. पाकीट दर महिन्याला मीच बघते.

साक्ष द्यायला कोणी उभं राहिलं की मी आता आमेनच्या आधी विचारते, “औषध चालू आहे ना?” सुरुवातीला लोक चुळबुळ करायचे. आता हसतात. एका म्हाताऱ्या बाईंनी तर परवा साक्ष देतानाच पदरातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. हा प्रश्न विचारायला मला चार सेकंद लागतात. नाताळनंतरच्या त्या रविवारीही तेवढेच लागले असते.

दफनाच्या दिवशी, त्या खड्ड्याच्या कडेला, मी खिशातला कागद काढलाच नाही. माझा आवाज लहान आहे. शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून मला जवळजवळ ओरडावं लागलं.

“सलोमीबाईंचा विश्वास कमी पडला नाही. गोळ्या सोडल्याचं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा मी आमेन म्हणाले. ते चुकीचं आहे हे मला तेव्हाच कळत होतं. त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. ते आमेन मी आज सगळ्यांसमोर मागे घेते. रिबेका, तुझी आई खोटं बोलली नाही. खोटं मी बोलले. तू गोळी घे.”