नागलीची बिस्किटं आणि चाचांची भट्टी

माझं तोंड फटकळ आहे, हे मी लपवत नाही. नाशिकला इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत माझा आवाज चढला की लोक खिडक्या लावून घेतात. पण हरसूलच्या बायकांच्या बचत गटाला नेमकी अशीच बाई हवी होती. त्या नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटं करतात, मी ती शहरात खपवते. दळणं, मळणं, भाजणं त्यांच्याकडे. गिऱ्हाईक शोधणं, हेलपाटे घालणं आणि भांडणं माझ्याकडे. गटाची प्रमुख माझ्याहून बरीच लहान, पण सगळ्या तिला वहिनी म्हणतात म्हणून मीही म्हणते. मी तापले की वहिनी तोंडाला पदर लावून हसतात, आणि त्यानं मी आणखी तापते.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका वसतिगृहानं मुलांच्या दुपारच्या खाऊसाठी आमची बिस्किटं मागितली. सुट्टी लागायच्या आत नमुन्याचा डबा पोचवायचा, आवडला तर वर्षभराचं काम. मला आनंद झाला, पण वहिनींचा जीव त्यात अडकला होता. दिवाळी झाली की त्यांच्या पाड्यावरची माणसं बिऱ्हाड टेम्पोत टाकून दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. "हे काम मिळालं तर औंदा मी जायची नाय," असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं.

आणि नमुना द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. "ताई, लाइट एकदम मोठी झाली नि ओव्हनमधून धूर निघाला. गेला तो."

"मेल्याला आजचाच मुहूर्त सापडला!" मी ओरडले. दिवाळीत दुरुस्तीला कोण येणार, कपाळ?

मग मला बेकरी आठवली. जुन्या नाशकात दिवाळीला अजूनही बायका नानकटाईचं पीठ घरून मळून बेकरीत नेतात. ओट्यावर बसून गोळे वळायचे, पत्र्यावर मांडायचे आणि भट्टीवाल्या चाचांनी ते भाजून द्यायचे. माझी आई न्यायची, मी नेते. मी म्हटलं, "वहिनी, रडत बसू नका. पीठ मळा आणि मिळेल ती जीप धरा."

त्या आल्या त्या दुधाची किटली घेऊन. आत मळलेलं पीठ, वर ओलं फडकं. ओट्यावर बायकांची ही गर्दी.

"बेटा, आज?" चाचा म्हणाले. "दिवाळीत माझ्या भट्टीला दम खायला फुरसत नाय, आणि तू हे काळं पीठ घेऊन आली?"

मी भांडायला तोंड उघडलं, तर वहिनींनी माझा हात दाबला आणि टेम्पोची गोष्ट चाचांना सरळ सांगून टाकली. चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "एक पत्रा टाकून बघू. चल."

पत्रा बाहेर आला तेव्हा त्यावर बिस्किटं नव्हती, भुगा होता. आमच्या ओव्हनची आच मंद, भट्टीची कडक. नागली सुकून तडकली होती. मी चाचांवर करवादले, वहिनींवर करवादले, पत्र्यालासुद्धा सोडलं नाही. वहिनी उठून बाहेर गेल्या. रडायला गेल्या असतील असं वाटून माझं मलाच वाईट वाटलं.

त्या परत आल्या त्या काखेत केळीची पानं घेऊन. कोपऱ्यावरच्या पूजेच्या सामानवाल्याकडून उचलली होती.

"आमी पानगा कसा भाजतो, ताई? पानात. पान असलं की पीठ सुकत नाय."

"माझ्या भट्टीत पालापाचोळा?" चाचांनी डोळे मोठे केले आणि मग खो खो हसले. "टाक! तेवढंच बाकी होतं!"

मग ओटाच कामाला लागला. कोणी पानं फाडत होतं, कोणी गोळे थापत होतं, आपली नानकटाई बाजूला ठेवून. खाली पान, मध्ये नागली, वर पान. पानं करपून काळी झाली, पण आतली बिस्किटं अख्खी निघाली. भट्टी जरा निवल्यावर चाचांनी ती पानाशिवाय पुन्हा आत ठेवली आणि कुरकुरीत करून काढली. प्रत्येकावर केळीच्या पानाच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. चाचांनी एक खाल्लं, लगेच दुसरं उचललं आणि विचारलं, "नमुन्यात एखादं कमी असलं तर चालतं ना?"

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या बाईंनी बिस्कीट हातात फिरवून विचारलं, "या रेघा कसल्या?" वहिनींनी सांगितलं. बाईंनी चावा घेतला. वहिनींनी इतका वेळ श्वास रोखला होता की मला त्यांचीच काळजी वाटायला लागली.

"सुट्टी संपली की सुरू करा," बाई म्हणाल्या. "आणि अशीच द्या, रेघांसकट."

बाहेर येऊन मी पहिला फोन चाचांना लावला. ते म्हणाले, "दिवाळीनंतर दुपारची भट्टी रिकामीच असते. पीठ घेऊन येत जा म्हणावं. ओव्हन टाका भंगारात." मी आनंदानं रस्त्यातच ओरडले, येणारेजाणारे वळून बघायला लागले.

वहिनी मात्र फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. हसत नव्हत्या.

"अहो, काय झालं? मिळालं ना काम!"

"मिळालं," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले त्या सालापासून थंडीत मी बागंतच. ताई, थंडीत आमचं गाव कसं असतं, मला ठावंच नाय."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि भर रस्त्यात ढसाढसा रडले.