इटालियन गाण्याची वही

आश्विनातल्या एका मंगळवारी माझा भाऊ कपाशीत फवारणी करताना पडला. शुक्रवारी तो गेला. तो पडल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत फळ्यावर कविता लिहीत होते.

आमचं गाव अमडापूरच्या पुढे. भाऊ शेती करायचा आणि लग्नसराईत देऊळघाटच्या एका बँडमध्ये गायचा. ढोल-ताशांच्या वर आवाज चढवून चढवून सराई संपेपर्यंत त्याचा घसा बसलेला असायचा. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. बुलढाण्याला मराठी शिकवते. शनिवारी दुपारी घरी जायचे.

आदल्या वर्षी बीटी कपाशीचा अभ्यास करायला एक इटालियन बाई आल्या होत्या. सोबत अकोल्याची एक दुभाषी मुलगी. आठ दिवस भाऊ मोटारसायकलवर पुढे आणि त्यांची गाडी मागे, असं त्याने त्यांना शेतं दाखवली. जाताना बाईंनी त्याला एक सीडी दिली. दुभाषी मुलीने सांगितलं ते असं : हा गाणारा रॉक गायक आहे, गिटारच्या कल्लोळात ओरडून गाणारा. पण या सीडीत त्याने आईबापांच्या काळातली, रेडिओवर वाजायची ती इटालियन प्रेमगीतं मोठ्या वाद्यवृंदाबरोबर पुन्हा गायली आहेत. मूळ गाणी लागली की बाईंची आई स्वयंपाक थांबवायची म्हणे.

आम्ही सीडी डीव्हीडी प्लेअरवर लावली. टीव्हीच्या निळ्या पडद्यावर नुसता गाण्याचा क्रमांक दिसत होता. माय तांदूळ निवडत होती. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा तिने विचारलं, “कोन मेलं बाई याचं?”

“कोनी नाही मेलं माय. प्रेमाचं गानं हाये.”

“मंग एवढं काऊन रडून राह्यला?”

भाऊ हसला, पण ते गाणं त्याने पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. मला म्हणाला, “ताई, हा बी माह्यावानीच हाये. वरडून वरडून घसा फाटला याचा. पन पाह्य न, लपवत नाही. त्याच फाटक्या आवाजात हळू गाऊन राह्यला. मले एक तरी गानं असं गायचं हाये. तू लिहून दे न.”

मी शंभर पानी वही घेतली. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, कानाला आलं ते देवनागरीत उतरवायचं. अर्थ दोघांनाही कळत नव्हता. एक गाणं उतरायला चार शनिवार लागले. श्वास जिथे घ्यायचा तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली. लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या भाषेत जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर संपतो. भाऊ सवयीने शेवट गिळायचा, ओठ मिटायचा. मी त्याला थांबवायचे.

“तोंड उघडंच ठेव. शब्द संपला तरी मिटायचं नाही.”

“मास्तरीनबाई, मी काय दहावीले बसलो का?”

“रोज म्हण. जिथे असशील तिथे म्हण. त्याशिवाय बसणार नाही.”

हे माझे शब्द आहेत. मी ते बदलून लिहू शकत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या वरातीत ते गाणं गायचं, असं त्याने ठरवलं. बँडमास्टर चाचांनी आधी उडवून लावलं. “अबे, वराती पळून जातील. घोडी बी पळून जाईल.” शेवटी ते कबूल झाले, पण एका अटीवर. “ढोल धीमा नाही करनार मी.”

“मंग मले आयकन कोन?”

“तुझी ताई. तिनंच लिहून देलं न?”

तो गेला त्या वर्षी बोंडअळी परत आली. सुरुवातीला गावात सगळे म्हणायचे, बीटीला फवारणी लागत नाही. आता आठवड्याआड पंप पाठीवर होता. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे नळी उंच धरावी लागे आणि फवारा अंगावरच उतरे.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात शेजारच्या शेतातली काकू भेटली. ती त्या सकाळी तिच्या वावरात निंदत होती. म्हणाली, “बाई, तो तं गानं म्हनत होता. रुमाल गळ्यात होता, तोंडाले नव्हता. म्या म्हटलं, बांध न बे. तं म्हने, काकू, तोंड बांधून कसं म्हनू?”

मी डॉक्टरांना विचारलं, रुमाल बांधला असता तर फरक पडला असता का. ते म्हणाले, “मॅडम, फवारणीचं औषध कातडीतूनही जातं. त्यांचे कपडे पूर्ण भिजलेले होते. सांगता येत नाही.” बुधवारी विचारलं, गुरुवारी विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. ते खोटं बोलत नव्हते. पण ‘नाही’ असंही म्हणत नव्हते, आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.

त्याच्या नळ्या लावलेल्या तोंडाकडे मी तीन दिवस पाहत होते. तोंड उघडंच होतं.

दहाव्याला चाचा आले. बराच वेळ पायरीवर बसले. उठताना म्हणाले, “ढोल धीमा करतो म्हनायले पाहिजे होतं बेटा मी.” माझ्याजवळ माझं वाक्य होतं.

मायला काकूने एवढंच सांगितलं की तो गात होता. माय ते धरून बसली आहे. घरी कोणी आलं की सांगते, “गात गात गेला माहा लेक. त्याले तरास नाही झाला.” मी आत चहा करते. गाणं कोणी दिलं, रोज म्हण असं कोणी सांगितलं, हे तिने कधी विचारलं नाही.

आता फोनवर त्या गाण्याचा अर्थ मिळेल, हे मला माहीत आहे. मी शोधलेला नाही. प्लेअर बंद पडला, ट्रे उघडत नाही, सीडी आतच आहे. वही बुलढाण्याला माझ्या कपाटात आहे. तिच्यात एक पूर्ण गाणं आहे आणि दुसऱ्याच्या चार ओळी आहेत. तोंड उघडं ठेव, रोज म्हण असं मी त्याला सांगितलं होतं, हे मायला मी अजून सांगितलेलं नाही.