मुंबई–शिकागो, मावशीच्या सोबतीनं

आईचा फोन आला तेव्हा मी मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या बसमध्ये होते. लता मावशी गेली, एवढंच ती म्हणाली आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठल्या एअरपोर्टवर?" घरीच गं, नेपरव्हिलला, झोपेत... मावशी घरी असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहणारी रिटायर्ड डॉक्टर. तिची नेहमीची फेरी फोनवर बघितली तर मुंबई–शिकागो जवळजवळ तेरा हजार किलोमीटर, एक स्टॉप धरून साधारण अख्खा दिवस. मावशी म्हणायची, हा तुम्हा पोरांचा हिशोब. सत्तरीच्या पुढचा एकटा माणूस, इंग्रजीची भीती... त्याचा खरा प्रवास म्हणजे तो मधला एअरपोर्ट. म्हणून इंडियातून परत येताना ती आधी विचारायची, कुणाचे आई-बाबा येतायत? मग त्यांच्याच फ्लाइटचं तिकीट काढायची, ती कितीही फिरून येणारी असली तरी. मला तर यार, इतका अभिमान वाटायचा की कॉलेजमध्ये दिसेल त्याला सांगत सुटायचे.

गेल्या वर्षी माझ्या ग्रॅज्युएशनला नागपूरहून आजोबा येणार होते. आजी गेल्यानंतर पहिल्यांदाच, एकटे. बाबा म्हणाले, व्हीलचेअर बुक करू, म्हणजे एअरपोर्टचा माणूस थेट गेटपर्यंत नेऊन सोडेल. आजोबा भडकले. "काहून? मी पांगळा आहे का? मग येतच नाही मी." तिकीट कॅन्सल करायला निघाले. मी रडरड रडले. मावशी तेव्हा पुण्यात होती, तिनं सरळ आजोबांनाच फोन लावला. "काका, माझे गुडघे गेलेत हो. तुमच्याच फ्लाइटला मी व्हीलचेअर घेतेय, पण बॅग कोण सांभाळणार? तुम्ही सोबत असाल तर बरं." आजोबा लगेच तयार. गुडघे म्हणे... ही बाई रोज नदीकाठी चालताना आम्हाला मागे टाकायची.

शिकागोला मी अरायव्हल्सला उभी होते. समोरून व्हीलचेअरमध्ये मावशी आणि शेजारी तिची बॅग खांद्याला लावून ताठ चालणारे आजोबा. "डॉक्टरीणबाईंना सांभाळून आणलं बरं का," ते म्हणाले. मावशीनं मला हळूच डोळा मारला.

परवा आजोबांशी फोनवर तिच्याबद्दल बोलत होते आणि मला राहवेना, सांगूनच टाकलं की तिचे गुडघे ठणठणीत होते. ते हसले. "माहीत होतं पोरी. मधल्या एअरपोर्टवर मला गरगरलं, तर चेअरमधून उठून पळत जाऊन ज्यूस घेऊन आली. मग परत बसली, गुडघा चोळत. मी काहीच बोललो नाही. इतकं मन लावून करत होती..."



"आमच्या शेजारच्या काकूंना शिकागोला मुलाकडे यायचंय," मग आजोबा म्हणाले. "घाबरतात. चेअरमध्ये बसायची लाज वाटते त्यांना. त्यांच्याच फ्लाइटचं माझं तिकीट बघ. त्यांना मी सांगतो, माझी बॅग सांभाळायला कोणी नाही. चेअरमध्ये मी बसतो."