माळ कुठवर आली?

सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे: वय अंदाजे पन्नास, बांधा किरकोळ, डोक्यावर केस बेताचे, अंगात पांढरा कोट. बोली गुजराती, मात्र ऐकणाऱ्यास मराठीचा दाट संशय येतो. सदर इसमाने सुरतेतील कतारगाम येथील सार्वजनिक नळाची पितळी तोटी दिवसाढवळ्या, पान्ह्याच्या साहाय्याने, लोकांसमक्ष काढून नेली. हेतू अज्ञात.

हा इसम म्हणजे डॉ. शालिग्राम धारप. ते काविळीवर संशोधन करत. कावीळ कुठून येते, कुणाला धरते, कुणाला सोडते, या शोधात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि केसही. "लोकांचे नवरे बायकोच्या डोळ्यांत बघतात," त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई पाहुण्यांना सांगत, "हे खालची पापणी ओढून बघतात."

पंचाण्णव सालच्या निवडणुकीच्या धामधुमीत कतारगामच्या एका गल्लीत कावीळ शिरली. गल्ली खानदेशातून आलेल्या लूम-कामगारांची. पाण्यातून येणारी ही कावीळ धडधाकट माणसाला महिनाभर पथ्याचं खायला लावून सोडून देते. गरोदर बाईच्या मात्र जिवावर उठते. आणि गल्लीच्या टोकाच्या खोलीत छाया राहत होती. गणपत लूमवाल्याची बायको, सातवा महिना. तिला पाहिल्यापासून धारपांना जेवण गोड लागेना. कावीळ तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती कुठल्या पाण्यातून येते ते सापडायला हवं होतं.

धारप जन्माने सुरती. इथे राहणारा माणूस गुजराती समजणारच, अशी त्यांची समजूत. त्यांनी दारोदार विचारलं, "घरमां कोईने कमळो छे?" गुजरातीत कमळो म्हणजे कावीळ.

उत्तर सगळीकडे एकच आलं: आहे, घरात सगळ्यांना आहे. एका म्हातारबुवांनी तर छातीवर हात ठेवून, मरेपर्यंत राहील, असं बजावलं. दोन घरांनी रागाने दारं लावून घेतली. एवढी दोन घरं सोडली, तर शास्त्राच्या दृष्टीने गल्ली पिवळीजर्द झाली होती.

छायाने शेवटी पदराने हसू दाबलं. "साहेब, आम्हना घरमा समदा कमळवालाच शेत. पन तुम्ही मतं मोजी राह्यनात का दुखनं?"

"अहो बाई, कावीळ! मी कावीळ विचारतोय!"

"मग कावीळ म्हना ना! पन तेबी कोनी सांगाव नही. डॉक्टरले सांगं का माळ थांबस."

माळ म्हणजे काविळीची माळ. उतारा करणारा ती देतो. काटक्यांची, सैलसर गुंफलेली, आधी डोक्यावर ठेवायची. ती लांबत लांबत गळ्यात येते, मग कमरेला, आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, असा समज. या माळेविरुद्ध धारपांनी आजवर तळमळीने व्याख्यानं दिली होती. श्रोते शांतपणे ऐकत. काहींच्या गळ्यात माळ असे.

आता मात्र ते छायाच्या उंबऱ्याशीच थबकले. डोक्यावर माळ म्हणजे रोगी ताजा. गळ्यात आली म्हणजे थोडा जुना. कमरेला पोचली म्हणजे बरा व्हायला टेकलेला. गल्ली आपल्या दुखण्याची तारीख अंगावर घालून हिंडत होती आणि संशोधक दारं वाजवत होता.

त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसती नजर फिरवली. गल्लीतल्या दोन नळांपैकी वरच्या नळावर सगळे बिनमाळेचे. खालच्या नळावर माळाच माळा, आणि त्याही बहुतेक डोक्यावरच. त्याच रांगेत, कमरेवर हंडा घेऊन, छाया.

धारप तडक पाण्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी पुरावा मागितला.

"लोकांच्या डोक्यावर आहे," धारप म्हणाले.

साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि निवडणूक झाल्यावर यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारपांनी पान्हा आणला, खालच्या नळाची तोटी काढली, पाइपाच्या तोंडात लाकडी बूच ठोकलं आणि तोटी खिशात घातली. रांगेत गलका उठला.

"ओ कमळवाले!" गणपत ओरडला. "आते पानी काय तुम्हना प्रचारवाला आनी देतीन?"

"वरच्या नळावर जा. आणि उकळून प्या."

"वरल्या नळवर रांग देखी का?"

"लांब आहे," धारप म्हणाले. "पण निरोगी आहे."

कावीळ झाली म्हणून कचेरीतून कुणी आलं नव्हतं. तोटी चोरीला गेली म्हणताच साहेब धरून तिघे आले, कागदपत्रांसह. पंचनामा करताना त्यांतल्या एकाचा पाय फरशीतून थेट गटारात गेला आणि बुटाला पाइप लागला. तो गंजून चिरलेला होता आणि गटारातच लोळत होता. बूट साहेबांचा असल्यामुळे पाइप त्याच आठवड्यात बदलला.

धारपांची झोप मात्र परत आली नाही. रोग अंगात शिरला तरी कित्येक आठवडे दबून राहतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? ते येता-जाता छायाची पापणी ओढून बघत. ती म्हणे, "साहेब, डोया काढी लई जा, घर बसी देखा."

प्रस्तुत तोटीचा तपास चालू असून हेतूबाबत निश्चित निष्कर्ष काढता आलेला नाही, असं दप्तरी नमूद आहे. एप्रिलात छायाला मुलगी झाली; माळ दोघींपैकी कुणालाच लागली नाही.