जोडे काढून घेतलेली जमीन

मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. भगताच्या 'चमत्कारा'मागे कुठलं रसायन असतं ते वर्गात करून दाखवायचं, हा माझा आवडता उद्योग. त्यापायी दोन भगतांशी कायमचं वाकडं आलं आहे. तेव्हा उलगडा न झालेल्या अनुभवांच्या या सदरात मला पाहून माझे विद्यार्थी पोट धरून हसतील... हसू देत. जे घडलं ते घडलं तसं लिहितो, तिखटमीठ न लावता.

अलिबाग हे शाळेचं गाव. मॅट्रिकसाठी खेड्यापाड्यांतून मुलं येतात, खोल्या घेऊन राहतात आणि आम्हा मास्तरांना बिऱ्हाडाला जागा मिळेनाशी होते. सात वर्षांत पाच बिऱ्हाडं झाल्यावर आमच्या कुटुंबाने जाहीर केलं, "आता मी सामान बांधणार नाही. बांधायचंच असेल तर घर बांधा." घर बांधण्याची ऐपत नव्हती, पण बांधलेलं घेता येईल असं वाटलं.

अलिबागहून नागावला जाताना आक्षीच्या अलीकडे खाडी लागते. तिच्या आतल्या अंगाला एक आगरी वस्ती आहे. सायकलने वीस मिनिटं. तिथे गोमीबाय नावाच्या म्हातारीचं भातशेत आणि शेताला लागून उंचवट्यावर कौलारू घर विकाऊ होतं. नवरा तरणाताठा असताना गेला, मुलगा नाही. चाळीसेक वर्षं बाईने एकटीने शेत राखलं आणि आता गुडघे ऐकेनात म्हणून ती रेवसकडे लेकीच्या घरी निघाली होती.

हे शेत खारं. म्हणजे भरतीच्या पाण्याहून जमीन खाली, आणि मध्ये काय तो मातीचा बांध. बांधाला खांड पडली की खाडी आत शिरते. मग तीन-तीन वर्षं भात नाही. प्रत्येक खातेदाराने आपापल्या हद्दीतला बांध राखायचा. एकाचा फुटला की साऱ्या वस्तीचं पीक जातं. हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. मास्तर लोकांना मान डोलवायची सवयच असते.

वैशाखात खरेदीखत झालं. कचेरीबाहेर येताच गोमीबाय म्हणाली, "चल मास्तर, आता तुना बांद दावते." आगरी बोलीत अहो-जाहो नसतं. कलेक्टर आला असता तरी तिने त्याला 'तू'च म्हटलं असतं.

तिकडची रीत अशी, की विकणाऱ्याने घेणाऱ्याला अनवाणी बांधावरून चालवायचं आणि शेवटी बांधाचं एक ओलं ढेकूळ त्याच्या हातात द्यायचं. पण मला पेपर तपासायचे होते. शिवाय पायात कोरे बूट होते, हेही कबूल करतो. मी म्हटलं, "गोमीबाय, नकाशा आहे, सर्व्हे नंबर आहे. आणखी काय बघायचं?"

ती रागावली नाही. माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, "कागुद तुजा झाला मास्तर. जमीन न्हाय झाली अजून." आणि गेली.

आम्ही राहायला गेलो. शेजारच्या शेताचा खातेदार पोशा, बोलायला तिखट पण मदतीला पहिला, त्याच्याकडून मला म्हातारीची थोरवी कळत गेली. भर पावसात ती रोज बांधावर चालायची. बांधाच्या पोटात चिंबोरीने बीळ पाडलेलं वरून कोणाला दिसत नाही. तिला ते टाचेला कळायचं. तिच्या हद्दीत एकदाही खांड पडली नव्हती. "तुज्या हद्दीत पडली," पोशाने हसत हसत बजावलं, "तं आमी तुना सायन्स शिकवू." तो हसला, मी नाही. त्या दिवसापासून मीही छत्री घेऊन बांधावर फेऱ्या मारू लागलो. बुटांसकट.

भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या. भात निसवलेलं, आणि वर्षातलं मोठं उधाण दुपारी बाराला येणार. शाळेला सुट्टी. सकाळी नऊच्या सुमाराला मी बांधावर होतो. ऊन लख्ख पडलं होतं. मागून हाक आली,

"मास्तर, जोडं काड."

गोमीबाय! तेच हिरवं लुगडं, हातात काठी. मला इतका आनंद झाला की ही चौदा मैल आली कशी, हे विचारायचंही सुचलं नाही. मुकाट्याने बूट काढले. ती पुढे, मी मागे. तिवराचं एक जुनं खोड आहे, तिथे ती थांबली.

"हितं. टाच लाव."

मी टाच रोवली. आधी काही नाही. मग... आतून गार लागलं. बाजूची माती उन्हाने कोमट होती आणि तेवढीच वीतभर जागा गार. खालून पाणी झिरपत होतं.

"कलला?" ती म्हणाली. "डोल्याना दिसत न्हाय त्ये."

मी घाईने वरून माती लोटू लागलो. तिने काठी आपटली. "वरशी न्हाय! खारीच्या अंगाशी उतर. पेंड्याचा बोला कोंब, मंग चिखल, मंग टाच." मी खाडीच्या बाजूने खाली उतरलो, ती बांधावर बसून राहिली. चिखलाला तिने हात लावला नाही. सगळं माझ्याकडून करून घेतलं. दोनदा उपसायला लावलं. आयुष्यात इतका चांगला शिक्षक मला भेटला नव्हता, हे मी मास्तर असून सांगतो. शेवटी ती नुसती "हां" म्हणाली. तेवढ्याने मी मॅट्रिक पास झाल्यासारखा खूश झालो. मग म्हणाली, "ढेकूल ऱ्हायला. देन तुना."

मी हात धुऊन वर आलो, तर बांध रिकामा.

तोवर पाणी बांधाला टेकलं होतं. पोशा माणसं आणि फावडी घेऊन धावत आला. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्याखाली चार बोटांवर आलं, तिथे तासभर थांबलं आणि उतरलं. बांध राहिला.

पोशाने तिवराच्या खोडापाशी खाली उतरून बोळा चाचपून पाहिला. "मास्तर, हितं बीळ हाय, ह्ये तुना कोनी सांगलं?"

"गोमीबायने. आत्ता होती की इथे."

चिखलाचे हात पुसत तो वर आला. "गोमीबाय? ती म्हैनाभर हातरुनाव हाय. कंबर गेली तिची."

घरी आलो तर पानं मांडलेली, त्यात एक जास्त. कुटुंब म्हणालं, "म्हातारीला जेवायला का नाही आणलंत? मी पडवीतून बघत होते, बांधावर बसली होती ती!"

चार दिवसांनी रविवारी सायकल काढली आणि रेवसची वाट धरली. गोमीबाय खरंच अंथरुणावर होती. पाय काडीसारखे, हलत नव्हते. लेक म्हणाली, "अवसेच्या सकालशी बरलत व्हती, जोडं काड, जोडं काड. तवापासून ही मूठ मिटलीय. धुवाला उगरत न्हाय."

मी जवळ बसलो. तिने डोळे उघडले, मला ओळखलं आणि मूठ माझ्या तळहातावर आणून सोडली. चिखलाचं ढेकूळ. करडं, खाडीच्या वासाचं... आणि ओलं.

"आता इकली जमीन," ती म्हणाली.

मला रडू आवरेना. तिची लेक बघत होती, तरी आवरेना. महिन्याभरात गोमीबाय गेली.

मी पुष्कळ डोकं खाजवलं. लेकीचं घरही खाडीकाठीच आहे. चिखल तिथलाही असेल. मुठीतल्या घामाने तो ओला राहिला असेल. माझ्या कुटुंबाला दुसरीच कोणी म्हातारी दिसली असेल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर पटते, सगळ्या एकत्र काही केल्या पटत नाहीत. वर्गात मी असं उत्तर कोणाचं चालवून घेतलं नसतं. पण माझ्याकडे दुसरं नाही.

परवा आमचे नवे ड्रॉइंग मास्तर आले होते. त्यांना इकडे जागा घ्यायची आहे. सर्व्हे नंबर कसा बघायचा, खरेदीखतात काय काय लिहून घ्यायचं, असं बरंच विचारत होते. नवा सूट, नवे बूट. मी त्यांना बांधापाशी नेलं आणि म्हटलं, "ते सगळं सांगतो. आधी जोडे काढा."