शमीमआपांचे पेशंट

शमीमआपांनी मला पुस्तकातला प्रश्न कधी जसाच्या तसा विचारला नाही. त्यावर एक नजर टाकायच्या, पुस्तक मांडीवर पालथं घालायच्या आणि म्हणायच्या, "डोंगरकडा गावचा गडी हाय. सकाळी उठला तं मनगट लोंबून राहिलं. कोनती नस?"

"रेडियल."

"बराबर. पन एका रातीत काहून गेली?"

ते पुस्तकात नव्हतं, म्हणून मलाही ठाऊक नव्हतं.

"बाजारातून पिऊन आला अन् खाटेच्या दांडीवर हात टाकून झोपला. रोग पुस्तकात एकटा ऱ्हातो, पोरी. दवाखान्यात त्याच्यासंगं मानूस येतं."

आपा हिंगोलीतल्या आमच्या शेजारी. उभा जन्म सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढून निवृत्त झालेल्या. मी परदेशात सहा वर्षं डॉक्टरी शिकून आलेली. पण इथे पेशंटला हात लावायचा तर परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिने मला दोनदा पाडलं होतं. हाडं, नसा, रसायनं, औषधं, पहिल्या वर्षापासूनचं सगळं पुन्हा घोकत होते. गल्लीतले लोक कौतुकाने 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपा तेवढ्या म्हणायच्या नाहीत.

"तू आजून डॉक्टर न्हाईस, अन् मी कधी व्हनार न्हाई. जोडी बराबर जमली," म्हणायच्या आणि पुढचा पेशंट घ्यायच्या. कधी कळमनुरीचं पिवळं पडलेलं लेकरू, कधी शेतात फवारणी करताना तोंडाला फेस आलेला बाप्या. मीही या खेळात तरबेज होत चालले होते.

तिसऱ्या परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. दुपारी आपा नेहमीसारख्या आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी वहीत औषधांची नावं लिहीत होते.

"हिंगोलीची बाई हाय," त्या म्हणाल्या. "बासष्टची. शुगर हाय. सकाळपासून जबडा दुखून राहिला. मळमळ, घाम. छातीत काईच न्हाई."

हे मला तोंडपाठ होतं. "हार्ट अटॅक. जुन्या शुगरने नसा बोथट होतात, म्हणून छाती दुखत नाही."

"पक्कं?"

"पक्कं. ॲस्पिरिन चावायला द्यायची, ईसीजी काढायचा. पुढचा पेशंट सांगा."

मी आणखी दोन नावं लिहिली. दोन. मग आपा हळूच म्हणाल्या, "मंग दे की गोळी."

मी हसले. आज पेशंटचं सोंगही आणताहेत, असं मला वाटलं. हसतच मान वर केली, तर त्यांची ओढणी गळ्याशी घामाने चिंब झालेली, ओठ पांढरे.

त्यानंतर मी सगळं केलं. गोळी दिली, रिक्षा आणली, दवाखान्यात ईसीजी निघाला. तिथून नांदेडला न्यायला सांगितलं. कळमनुरी यायच्या आधीच अँब्युलन्समध्ये आपा गेल्या.

मी परीक्षा पास झाले. आता परवाना आहे, पेशंट आहेत. पण त्या दुपारच्या धक्क्यातून मी बाहेर आलेले नाही. रोगाची सगळी लक्षणं आपांना माझ्याहून चांगली माहीत होती. तरी स्वतःच्या जिवाची गोष्ट आली तेव्हा त्यांना खात्री नव्हती, म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. तो सराव नव्हताच. त्या मला पहिल्यांदा डॉक्टर समजून विचारत होत्या, आणि मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.